भिंतीवरचा चिनूक

ऑगस्टिन तुस्कानो मूळचा वसईचा, म्हणजे त्याला मासे कळणारच, असं मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या मराठी मंडळींनी परस्पर ठरवून टाकलं होतं. ट्रुगानिनात कोणी पापलेट आणलं, की ते ताजं आहे का हे विचारायला ऑगस्टिनला व्हिडिओ कॉल यायचा. तो डोळे बारीक करून स्क्रीनकडे बघायचा, "जरा कल्ले दाखव" म्हणायचा, आणि दोन क्षण गंभीरपणे थांबून सांगायचा, "चालेल." आजवर एकाही माशाला त्याने "चालणार नाही" म्हटलेलं नव्हतं.

खरी गोष्ट अशी होती, की ऑगस्टिनच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी जाळ्याला हात लावला नव्हता. गिरीजला त्यांची वाडी. केळी, पानवेल आणि मोगरा. समुद्र घरापासून अर्ध्या तासावर, पण बापाने आयुष्यभर त्याच्याकडे पाठ करूनच पाणी शेंदलं. वसईत नुसते मच्छीमारच राहत नाहीत, शेतकरीही राहतात, हे त्याने एकदा शेजारच्या श्रीनाथला समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. श्रीनाथ पुण्याचा, बँकेच्या आयटीत कामाला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हो रे, पण शेवटी फिशिंगवालेच ना तुम्ही?"

त्यानंतर ऑगस्टिनने तो नाद सोडला. लोक आपणहून मान देत असतील, तर तो नाकारायला फार मोठं चारित्र्य लागतं.

मासे कळत होते ते सेलिनला, त्याच्या बायकोला. ती पाचूबंदरची. बापाची होडी होती, आई बाजारात बसायची. तिने गिरीजच्या शेतकऱ्याच्या घरात लग्न करून यायचं म्हटल्यावर दोन्हीकडच्या माणसांनी वर्षभर नाकं मुरडली होती. डोळे मिटून नुसत्या बोटांनी ती घोळ कुठला आणि दाढा कुठला ते सांगायची. पण तिला कधी कोणी व्हिडिओ कॉल केला नाही. माशांविषयीच्या चर्चा रंगात यायच्या, तेव्हा ती आत उभी राहून तेच मासे तळत असायची.

ऑगस्टिनचा स्वतःचा धंदा होता क्वालिटीचा. आधी वसईच्या एका कारखान्यात, मग इथे येऊन गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात, त्याने पंचवीस वर्षं एकच काम केलं: वस्तू हातात घ्यायची, मोजायची, आणि पास की नापास ते सांगायचं. गाड्यांचे कारखाने बंद पडले तेव्हा तो एका गोदामात लागला. गोदामात मोजणारी मशीन आली तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा होता, आणि मग तो घरी बसला. घरी बसून तो सेलिनच्या डब्यांची झाकणं नीट बसतात का ते तपासू लागला. तिसऱ्या आठवड्यात सेलिननेच त्याला नोकरीची जाहिरात शोधून दिली.

काम असं होतं: कॅम्परडाउनच्या पुढे लेक मॅरिगल नावाचं एक तळं आहे, जुन्या ज्वालामुखीच्या तोंडात साचलेलं. तिथे हौशी लोक गळ टाकून ट्राउट आणि सॅमन पकडतात. सरकार तिथे दरवर्षी पिल्लं सोडतं, आणि त्यातली किती, कोणाच्या हाती लागतात याची मोजदाद एका कंत्राटी कंपनीकडे दिलेली होती. शनिवार-रविवार काठावर उभं राहायचं, गळवाल्यांना चार प्रश्न विचारायचे, मासा बघायचा, जात लिहायची, लांबी मोजायची.

मुलाखतीत त्याला विचारलं, "तुम्हाला माशांचा काही अनुभव?"

ऑगस्टिन म्हणाला, "मी वसईचा आहे."

समोरच्या बाईने लगेच फोनवर वसई शोधली. स्क्रीनवर रंगीत होड्यांची रांग आली. "ओह, लव्हली," ती म्हणाली. ऑगस्टिनने खोटं असं काहीच सांगितलं नव्हतं. नोकरी मिळाली.

पहिल्याच शनिवारी त्याला कळून चुकलं, की प्रकरण सोपं नाही. तळ्यात तीन जाती. ब्राउन ट्राउट, रेनबो ट्राउट आणि चिनूक सॅमन. कंपनीने दिलेल्या प्लास्टिकच्या तक्त्यावर ब्राउन छान तपकिरी होता, रेनबोच्या अंगावर गुलाबी पट्टा होता, आणि चिनूक चांदीसारखा चमकत होता. तक्त्यातल्या माशांची काही तक्रार नव्हती. पण तळ्यातल्या माशांनी तो तक्ता वाचलेला नव्हता. तळ्यात वाढलेला ब्राउन चांदीसारखा, कोवळा रेनबो चांदीसारखा, आणि चिनूक तर काय, चांदीसारखाच. बादल्यांमधून एकाच आईची लेकरं वाटावीत असे चंदेरी मासे त्याच्याकडे बघत होते.

मग त्याने जगातला सगळ्यात जुना मार्ग धरला. मासा ज्याचा, त्यालाच विचारायचं.

"कुठला हा?"

"सॅमन, मेट," समोरचा म्हणायचा, आणि ऑगस्टिन सॅमन लिहायचा.

महिनाभराने नीरजाचा फोन आला. नीरजा या सगळ्या मोजणीची शास्त्रज्ञ, वॉर्नंबूलला असायची. मूळची ठाण्याची, तिशीची, माशांत पीएचडी, आणि जन्मात माशाचा घास न खाल्लेली. घरी अंडंसुद्धा येत नसे. मासा मेल्यावर त्याच्या पोटात काय सापडतं हे ती उत्साहाने सांगायची, पण त्याला फोडणी देतात म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा.

"काका, एक विचारू? तुमच्या डेटात सत्तर टक्के सॅमन आहेत."

"मग? चांगलं आहे ना?"

"चांगलंच आहे. पण आम्ही गेल्या तीन वर्षांत जेवढे सोडले, त्याच्यापेक्षा जास्त तुम्ही एका महिन्यात पकडवलेत."

ऑगस्टिनने नोंदवही उघडली. पानभर सॅमनच होते.

"काका, लोक सॅमनच म्हणणार. ट्राउट पकडला म्हणून घरी कोण फोन करतं? तुम्ही मासा बघायचा, माणूस नाही."

पंचवीस वर्षं ज्याने दुसऱ्यांचा माल नापास केला, त्याचा माल पहिल्यांदा परत आला होता. तो पण ठाण्याच्या एका शाकाहारी मुलीकडून. ऑगस्टिन दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी तो फुटस्क्रेच्या बाजारात गेला आणि पिशवीभर मासे घेऊन आला. एक रेनबो ट्राउट, एक ओशन ट्राउट, एक अख्खा टास्मानियाचा सॅमन, आणि एक ऑस्ट्रेलियन सॅमन. डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरून त्याने ते ओळीने मांडले आणि कारखान्यातलं जुनं कॅलिपर काढलं.

स्टीफन, त्याचा मुलगा, युनीतून आला तेव्हा दारातच थबकला. "Dad, what the hell?"

"अभ्यास करतोय."

अभ्यासात जे निघालं, त्याने ऑगस्टिनचं डोकं फिरायची वेळ आली. ओशन ट्राउट म्हणजे वेगळा मासा नव्हताच, रेनबोच खाऱ्या पाण्यात वाढवलेला. आणि ऑस्ट्रेलियन सॅमन, ज्याच्या नावातच सॅमन होतं, त्याचं सॅमनशी दूरचंही नातं नव्हतं. आपल्याकडच्या रावसाला हॉटेलवाले इंडियन सॅमन म्हणतात, तोही नाही. इथे आलेल्या पहिल्या गोऱ्या लोकांना घरची आठवण आली असावी, आणि समोर दिसेल त्या माशाला त्यांनी घरच्या माशाचं नाव देऊन टाकलं असावं.

सेलिन नर्सिंग होमच्या किचनमधली शिफ्ट संपवून आली. तिने टेबलाकडे बघितलं, कॅलिपरकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि पर्स खाली ठेवून टास्मानियाच्या सॅमनला शेपटीजवळ धरून उचललं.

"हा बघ, हातात राहतो. शेपटीचं मनगट बारीक आहे आणि पुढे पंखा रुंद. अडकतो." मग तिने रेनबो उचलला. तो सुळकन सुटून वर्तमानपत्रावर पडला. "हा राहत नाही. याचं मनगट जाड. तुझ्या त्या तक्त्यावर हे लिहिलंय का?"

लिहिलेलं नव्हतं. नीरजाला फोन केला तेव्हा ती हसायला लागली. "काका, हे करेक्ट आहे! मला हे शिकायला दोन वर्षं लागली. काकूंना कोणी सांगितलं?"

"कोणी नाही," ऑगस्टिन म्हणाला. "ती मासेवाली आहे."

फोन ठेवल्यावर सेलिनने त्याच्याकडे असं काही बघितलं, की पुढचा आठवडाभर तो तिच्याकडून खरोखर शिकला. चिनूक मात्र फुटस्क्रेत मिळत नव्हता. त्यासाठी नीरजाने त्याला खूण दिली. तोंड उघडायचं. हिरड्या काळ्या असतील तर चिनूक, पांढऱ्या असतील तर ट्राउट. शेपटीच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही पानांवर ठिपके असतील तर चिनूक. आणि तरी शंका असेल, तर पोटाखाली, शेपटीच्या अलीकडे जो एकटा पर असतो, त्यातल्या काड्या मोजायच्या. बारापर्यंत ट्राउट. पंधरा किंवा जास्त, तर चिनूक. "रंग फसवतो काका, माणूस फसवतो. काड्या फसवत नाहीत."

हे वाक्य ऑगस्टिनला भलतंच आवडलं. मोजता येण्यासारखी गोष्ट मिळाली होती. पुढच्या शनिवारपासून तो काठावर बसून प्रत्येक माशाचा पर उलगडून काड्या मोजू लागला. गळवाले आधी वैतागले. मग त्यांची करमणूक होऊ लागली. मग ते आपणहून बादली घेऊन येऊ लागले. "ऑगी, याचं सांग." ऑगस्टिन मोजायचा आणि सांगायचा, "दहा. ब्राउन." समोरच्याचा चेहरा पडायचा. काठावरच्या सॅमनचं प्रमाण दोन महिन्यांत सत्तरवरून अकरा टक्क्यांवर आलं. एकही मासा न मारता कोणी इतके सॅमन संपवल्याचं त्या तळ्याला आठवत नव्हतं.

तळ्याच्या काठावर मॅरिगल अँगलर्स क्लबचं पत्र्याचं घर होतं. क्लबचा अध्यक्ष नेव्ह, एकोणऐंशी वर्षांचा, निवृत्त गोपाळ. म्हणजे चारशे गाईंचा मालक, पण तो स्वतःला "काउ कॉकी", म्हणजे साधा गवळी म्हणायचा आणि हातांवरून ते पटायचं. ऑगस्टिन थंडीत कुडकुडत उभा असला की नेव्ह त्याला आत बोलवायचा आणि काळ्या चहाचा मग हातात द्यायचा. दोघांचं बोलणं बेताचंच. नेव्ह हवामान सांगायचा, ऑगस्टिन काड्या सांगायचा.

क्लबच्या मोठ्या भिंतीवर, लाकडी फळीवर, एक भला मोठा मासा ठोकलेला होता. कातडं खरं, आत भुसा, वरून रंग आणि वार्निश. खाली पितळेची पट्टी: चिनूक सॅमन, ७.४ किलो, नेव्हिल आर. प्रॅट, १९८९. हा तळ्याचा विक्रम होता. हमरस्त्यावरच्या फलकावर याच माशाचं चित्र होतं, "महा-चिनूकचं गाव" असं लिहिलेलं. क्लबच्या टोप्यांवर तो होता. गावातल्या बेकरीत त्याच्या आकाराची पाय-पेस्ट्री मिळायची, आत डब्यातला सॅमन भरलेला. दर सप्टेंबरमध्ये भरणाऱ्या स्पर्धेचं नाव चिनूक कप.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी असा पाऊस लागला, की काठावर चिटपाखरू नव्हतं. नेव्ह गाडीतून काहीतरी आणायला गेला होता. ऑगस्टिन चहाचा मग हातात धरून त्या माशापाशी उभा होता. करायला काहीच नव्हतं. आणि मोजणाऱ्या माणसाला करायला काही नसलं, की काय होतं ते सेलिनला विचारावं.

त्याने काड्या मोजल्या. अकरा.

त्याने चष्मा पुसला आणि उलट बाजूने मोजल्या. अकरा. एखादी तुटली असेल म्हणून त्याने खुर्चीवर चढून बुडखे तपासले. सगळे जागच्या जागी होते. हिरड्या काळ्या होत्या खऱ्या, पण तो काळा रंग एका दातावरही ओघळला होता. शेपटीवरचे ठिपके गोल गोल, एकाच मापाचे, एकाच ब्रशने काढलेले.

तो खुर्चीवरून उतरला. छत्तीस वर्षं एक ब्राउन ट्राउट या गावचा सॅमन होऊन बसला होता.

घरी येताना त्याने गाडीत रेडिओ लावला नाही. सेलिन भाकऱ्या करत होती. तिला सगळं सांगितल्यावर तिने तव्यावरून नजर न काढता विचारलं, "तुला कोणी विचारलं का?"

"नाही."

"मग?"

"अकरा आहेत, सेलिन."

"असू देत. तो मेलाय. त्याला काही फरक पडत नाही."

"मला पडतो."

"ते दिसतंच आहे," सेलिन म्हणाली. "सांगायचं असेल तर त्या म्हाताऱ्याला एकट्याला सांग. चार लोकांत नको. आणि जेवून जा."

पुढच्या शनिवारी ऑगस्टिनने सांगितलं. त्याने वाक्य इंग्रजीत पाठ केलं होतं, त्यात दोनदा "विथ रिस्पेक्ट" होतं. नेव्हने ते पूर्ण ऐकलं. मग तो उठला, भिंतीजवळ गेला, आणि बोट परावर टेकवून हळूहळू स्वतः मोजलं. त्याचं बोट जाड होतं, म्हणून त्याला तीनदा मोजावं लागलं.

"राइट," तो म्हणाला. मग त्याने चहा ओतला आणि हवामान सांगितलं.

ऑगस्टिनला वाटलं, संपलं. पण मंगळवारी त्याला ईमेल आला. क्लबने खास सर्वसाधारण सभा बोलावली होती, विषय एकच: "भिंतीवरील मासा." आणि मोजणी करणाऱ्या श्री. ऑगी यांनी उपस्थित राहावं अशी अध्यक्षांची विनंती होती.

सभेला क्लबची पस्तीस माणसं आली. गावच्या पाणीपट्टीच्या सभेला नऊ आली होती. ऑगस्टिन मागच्या बाकावर सेलिनच्या शेजारी अंग चोरून बसला. सेलिन म्हणाली होती, मार बसलाच तर गाडी चालवायला कोणीतरी हवं.

बेव्ह नावाची एक निवृत्त गणिताची शिक्षिका शिडी घेऊन आली होती. ती वर चढली आणि शाळेत मोजतात तशी मोठ्याने मोजू लागली. नऊ, दहा, अकरा. अकरानंतर सभागृहात इतकी शांतता झाली, की बारा आपोआप उगवेल अशी सगळ्यांना आशा असावी. बारा आली नाही.

मग चर्चा झाली. बेकरीवाला म्हणाला, माझा साचा सॅमनचा आहे. एकजण म्हणाला, मी माझ्या मुलीचं लग्न या माशाखाली लावलंय. दुसरा म्हणाला, काड्या तेव्हा सतरा असतील, वाळून अकरा झाल्या असतील. बेव्हने त्याच्याकडे असं बघितलं, की तो चाळिशीचा माणूस खाली बसला. कोषाध्यक्षाने हमरस्त्यावरच्या फलकाचं काय, असा प्रश्न विचारला आणि खिडकीबाहेर बघितलं. गंमत म्हणजे ऑगस्टिनला कोणीच वाईट बोललं नाही. उलट एकाने वळून विचारलं, "इतक्या बारीक नजरेचा माणूस आमच्याकडे आजवर का नव्हता?" हा प्रश्न कौतुकाचा होता की तक्रारीचा, हे ऑगस्टिनला समजलं नाही.

शेवटी नेव्ह उभा राहिला.

"तो मी पकडलाय," तो म्हणाला. "चिनूक लागला की पळतो. हा पळाला नव्हता. हा तळाशी जाऊन बसला, चिखलात रुतलेल्या गाईसारखा. तासभर ओढला मी त्याला. ब्राउनच असा बसतो. तेव्हाच मला वाटलं होतं, पण काठावर येईपर्यंत सगळे चिनूक म्हणून ओरडत होते. मला बोलायला जागाच राहिली नाही. माझं मत, पट्टी बदला."

तो बसला. पट्टी बदलायची नाही, असा प्रतिठराव बेकरीवाल्याने मांडला. "भिंतीवरील मासा चिनूक सॅमन आहे, आणि राहील." हात वर करून मतदान झालं. बाजूने बत्तीस, विरोधात तीन. विरोधात नेव्ह, बेव्ह, आणि आणखी एक हात, जो बहुधा चहासाठी वर झाला होता. ऑगस्टिन सभासद नव्हता, त्यामुळे त्याला मत नव्हतं. अकरा काड्यांचा मासा पूर्ण लोकशाही पद्धतीने सॅमन झाला.

सेलिन कानाशी येऊन म्हणाली, "आमच्याकडे पण असंच ठरायचं, कोण कोळी आणि कोण शेतकरी. फक्त मतदान नव्हतं."

ठराव झाल्यावर सगळ्यांना एकदम हलकं वाटलं आणि त्याच सभेत, एकमताने, ऑगस्टिनला चिनूक कपचा अधिकृत जात-परीक्षक नेमण्यात आलं. प्रामाणिक माणूस मिळालाय तर वापरला पाहिजे, असं बेकरीवालाच म्हणाला. अट एवढीच, की भिंत त्याच्या अधिकारक्षेत्राबाहेर.

कपच्या दिवशी ऊन पडलं होतं. साठ-सत्तर गळवाले, पोरंबाळं, सॉसेज भाजायची शेगडी. ऑगस्टिनसाठी पांढरं टेबल मांडलं होतं, त्यावर वजनकाटा आणि त्याचं कॅलिपर. निरोप मिळाल्यावर नीरजाही वॉर्नंबूलहून आली होती, शाकाहारी डबा घेऊन. दुपारपर्यंत ऑगस्टिनने चौदा चिनूक नापास केले. लोक रांगेत उभे राहून शांतपणे आपला मासा ट्राउट करून घेऊन जात होते.

तीनच्या सुमाराला जेट्टीवर आरडाओरडा झाला. नेव्हच्या गळाला काहीतरी लागलं होतं. पंचवीस मिनिटं दोरा तळ्यात इकडून तिकडे सुसाट पळत होता, आणि एकोणऐंशी वर्षांचा माणूस जेट्टीच्या कठड्याला पोट टेकून उभा होता. कोणी मदतीला गेलं की तो घाणेरड्या शिव्या द्यायचा. शेवटी बेव्हने जाळी घातली.

मासा टेबलावर आला. सगळे भोवती जमले. ऑगस्टिनने आधी तोंड उघडलं. हिरड्या कोळशासारख्या काळ्या. शेपटीच्या दोन्ही पानांवर ठिपके, वेडेवाकडे, कुठलाही रंगारी काढणार नाही असे. मग त्याने पर उलगडला आणि मोजायला सुरुवात केली. बारा ओलांडल्यावर तो मोठ्याने मोजू लागला. पंधरा. सोळा. सतरा.

"चिनूक," तो म्हणाला.

एकच जल्लोष झाला. नीरजाने पुढे होऊन बघितलं आणि मराठीत म्हणाली, "काका, माझ्या नोंदीत या तळ्यात एवढा मोठा चिनूक कधीच नाहीये. हा रेकॉर्ड आहे!"

मग मासा वजनकाट्यावर ठेवला. सहा किलो नऊशे.

हळूहळू एकेकाची नजर पत्र्याच्या घराकडे गेली. आत भिंतीवर सात किलो चारशे होतं, आणि ते चिनूक असल्याचा ठराव होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. सगळे ऑगस्टिनकडे बघायला लागले. भिंत त्याच्या अधिकारक्षेत्राबाहेर होती. तो उभा राहिला, आणि पंचवीस वर्षं जसं बोलत आला होता तसंच, सरळ बोलला.

"जात चिनूक. स्पर्धेत पहिला. विक्रम नाही."

बेकरीवाला लाल झाला. त्याने तिथल्या तिथे नवीन सभेची मागणी केली. चूक झाली असेल, माणसं आहोत, ठराव फिरवता येतो. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. आता त्यांना अचानक अकरा काड्या मान्य होत्या.

नेव्ह खुर्चीत बसून धापा टाकत होता. तो आधी नुसता खांदे हलवत होता, आणि सेलिनला वाटलं याला काही झालं की काय. मग कळलं, की तो हसतोय.

"अजिबात नाही," तो म्हणाला. "ठराव म्हणजे ठराव. छत्तीस वर्षांपूर्वी ज्या बदमाशाने पकडलाय, त्याने मला हरवलंय. जिंकू दे त्याला."

हा मासाही भुसा भरून भिंतीवर लावू, असं कोणीतरी सुचवलं. नेव्हने मान हलवली. तो उठून सेलिनजवळ गेला. गेले काही शनिवार ती ऑगस्टिनच्या डब्यातून जे पाठवायची, ते त्याने गुपचूप खाल्लेलं होतं. "तुला येईल ना हा कापता?"

सेलिनने बाह्या वर केल्या. नीरजाने आधी डोक्यातला कानाचा खडा तेवढा काढून घेतला, त्यावरून वय कळतं म्हणून, आणि मग ती आपला डबा घेऊन लांबच्या बाकावर जाऊन बसली. टेबलाभोवती गर्दी झाली. सेलिन सुरी चालवत होती, आणि आयुष्यभर मासे धरणारी ती माणसं उभी राहून बघत होती. कल्ल्यामागे पहिला काप, मग पाठीच्या काट्याला चिकटून एका हाताने सरळ शेपटीपर्यंत. काट्यावर मांसाचा कण राहिला नाही. बेव्ह म्हणाली, "गुड लॉर्ड." कोणीतरी विचारलं, "कुठे शिकलीस?"

"पाचूबंदर," सेलिन म्हणाली. "मासेवाल्यांचं गाव आहे. नवरा माझा शेतकरी."

ऑगस्टिनने मान डोलावली. "हो," तो म्हणाला. "केळी आणि मोगरा."

कोणाला काही धक्का बसला नाही. एकाने केळीला इथली थंडी मानवेल का, तेवढं विचारलं.

सॉसेजच्या शेगडीवर चिनूक भाजला गेला, सेलिनच्या गाडीतल्या बाटलीतला मसाला लावून. नेव्हने बोटांनी खाल्ला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि म्हणाला, भिंतीवरचा याच्यापेक्षा चांगला लागला असता असं त्याला वाटत नाही.

सप्टेंबरअखेरीस मोजणी संपली आणि कंत्राटही. नीरजाच्या अहवालात लेक मॅरिगलचे आकडे राज्यात सर्वांत विश्वासार्ह म्हणून नोंदले गेले. तिने पहिला महिना वगळला होता. ऑगस्टिन क्लबचा सभासद झाला. नेव्ह त्याला गळ टाकायला शिकवतो. तीन महिन्यांत त्याला काहीही लागलेलं नाही, त्यामुळे मोजायचाही प्रश्न आलेला नाही.

त्याचं सभासदत्वाचं कार्ड टपालाने आलं, तेव्हा त्यावर "ऑगस्टिन टस्कनी" असं छापलं होतं. त्याने कोषाध्यक्षाला फोन केला. कोषाध्यक्ष फार दिलगीर झाला. म्हणाला, नोंद झालेलं नाव बदलायचं तर सर्वसाधारण सभेपुढे न्यावं लागेल, पुढची मार्चमध्ये आहे, विषय घेऊ का?

ऑगस्टिनने पस्तीस माणसं डोळ्यांपुढे आणली, हात वर केलेली.

"नो वरीज," तो म्हणाला. "राहू दे."